चौथ्या दिवशी अळ्या परत कशा आल्या?

एका ताईंचा प्रश्न आहे. घरच्या संकरित गाईची कालवड बारा दिवसांची, तिच्या बेंबीत अळ्या पडल्या. घरातल्यांनी फिनेल ओतलं. बऱ्याच अळ्या बाहेर येऊन मेल्या, ज्या वळवळत होत्या त्या झाडूने गोठ्याबाहेर लोटल्या. चौथ्या दिवशी बेंबीत पुन्हा वळवळ. उकिरडा गोठ्यापासून वीस पावलांवर, त्यात अळ्यांचा बुजबुजाट, आणि सकाळी त्यातल्या काही गोठ्याच्या भिंतीकडे सरकताना दिसतात. ताई विचारतात: अळ्या उकिरड्यातून चढतात का? फिनेल लागू पडत नसेल तर दुसरं काय टाकू? आणि सासूबाई म्हणतात अळी घाणच खाते, जखम साफ झाली की आपोआप जाते, हे खरं का?

ताई, सत्तावीस वर्षं जनावरांच्या जखमा बघतोय. पहिली दहा तालुक्याच्या दवाखान्यात, नंतरची मोटरसायकलवर. औषधाचं नाव सांगायला अर्धा मिनिट पुरतो आणि पुढे सांगणारही आहे. पण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द 'चौथ्या दिवशी' हा आहे. तिथपासून दिवस मोजता आले नाहीत, तर कुठलंही औषध टाका, चौथ्या दिवशी ते 'लागू पडलं नाही' असंच वाटेल.

आधी एक सांगून ठेवतो. कालवड मी पाहिलेली नाही. तिला ताप आहे का, बेंबीची सूज कडक आहे की मऊ, भोक किती खोल गेलंय, यावर बरंच काही अवलंबून आहे. तेव्हा हे वाचून झालं तरी जवळच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच.

आपण मराठीत 'अळ्या पडल्या', 'किडे पडले' म्हणतो, दव पडावं तसं. कुणी आणून टाकल्या, हे त्या शब्दात येतच नाही. त्यामुळे 'रक्त नासलं म्हणून किडे झाले' हे वाक्य मी आजही आठवड्यातून एकदा ऐकतो. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदीने १६६८ साली हा प्रश्न निकालात काढला होता. काही बरण्यांत मांस उघडं ठेवलं, काहींच्या तोंडाला बारीक कापड बांधलं. उघड्या मांसात अळ्या झाल्या, झाकलेल्यात झाल्या नाहीत, आणि वासावर आलेल्या माश्यांनी कापडावरच अंडी घातली. कालवडीच्या बेंबीतली प्रत्येक अळी अशीच कुठल्या तरी माशीने आणून ठेवलेली आहे. प्रश्न एवढाच की कुठल्या माशीने आणि कधी.

आपल्याकडे जिवंत जनावराच्या जखमेवर अंडी घालणारी मुख्य माशी म्हणजे क्रायसोमाया बेझियाना. इंग्रजीत स्क्रूवर्म. आमच्या भागात तिला नुसतीच 'हिरवी माशी' म्हणतात, पण हिरव्या चकाकणाऱ्या माश्या चार-पाच जातींच्या आहेत आणि ही त्यातली सगळ्यात कमी दिसणारी. निळसर हिरवी, तोंडाचा भाग नारिंगीसर, लांबी साधारण एक सेंटिमीटर. मादी येते, अंडी घालते आणि जाते. शेतकऱ्याला दिसतात त्या अळ्या.

अंडी बघायची असतील तर बॅटरी घेऊन जखमेच्या काठाला, केसांच्या बुडाशी बघा. सव्वा मिलिमीटरची पांढरी अंडी, कौलं रचल्यासारखी एकावर एक. एका वेळी शंभर ते अडीचशे. लांबून भिजलेल्या रव्याचा चिमूटभर लपका चिकटल्यासारखा वाटतो. पाण्याने धुऊन जात नाही, नखाने किंवा चिमट्याने खरवडावा लागतो. जखमेच्या आत नाही, काठावर, हे लक्षात ठेवा. तुम्ही फिनेल आत ओतलंत.

बारा ते चोवीस तासांत अंडी फुटतात आणि अळ्या थेट मांसात डोकं घालतात. वरून तुम्हाला दिसतं ते त्यांचं डोकं नसतं. मागच्या टोकाला दोन काळे ठिपके असतात, लोक त्यांना डोळे समजतात. ती श्वासाची भोकं. अळी डोकं खाली, बूड वर अशी उभी राहते, खाली खाते आणि वर श्वास घेते. अंगावर बारीक काट्यांची कडी असतात, स्क्रूच्या आट्यांसारखी, टोकं मागे वळलेली. म्हणून चिमट्याने ओढताना ती अडून बसते. उकिरड्यातली अळी हातावर घेतलीत तर ती गुळगुळीत लागेल. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघा, मग फरक विसरणार नाही.

जखमेत अळी पाच ते सात दिवस खाते. या काळात ती दोनदा कात टाकते आणि शेवटी दीड सेंटिमीटरपर्यंत वाढते. पोट भरलं की जखम सोडून खाली पडते, भुसभुशीत मातीत दोन-तीन सेंटिमीटर शिरते आणि आक्रसून तिचा कोष होतो. शेवटची कातच कडक होऊन तपकिरी कवच बनते. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात या कोषातून आठवड्याभरात माशी निघते, थंडीत हेच काम कितीतरी लांबतं. निघताना माशीच्या कपाळावर फुग्यासारखी पिशवी फुगते, तिने ती कवचाचं झाकण ढकलते. बाहेर आली की पंख सुकेपर्यंत थांबते आणि उडते. त्यानंतर ती वाढत नाही. लहान माशी म्हणजे माशीचं पिल्लू नव्हे. अळी असताना तिला कमी खायला मिळालं, एवढाच त्याचा अर्थ. मादीला अंडी घालायला आणखी सहा-सात दिवस लागतात.

आता बेरीज करा. अंड्याचा एक दिवस, अळीचे सहा, कोषाचे सात, आणि माशी अंड्यावर येईपर्यंत सात. गरम हवेत फेरा तीन आठवड्यांचा.

म्हणजे तुम्ही फिनेलच्या दिवशी झाडूने लोटलेल्या अळ्यांची पिलावळ चौथ्या दिवशी बेंबीत येणं शक्यच नाही. त्यांना अजून किमान दोन आठवडे हवेत. (त्यांचा हिशेब वेगळा आहे. तो तुमच्या पुढच्या विणाऱ्या गाईला नाहीतर शेजाऱ्याच्या शेळीला चुकवावा लागेल.) मग चौथ्या दिवशी दिसलेल्या अळ्या दोनच ठिकाणांहून आल्या असणार. एक तर आधीच्याच, ज्यांच्यापर्यंत फिनेल पोचलं नाही. किंवा नव्या, फिनेलनंतर कुणी तरी पुन्हा अंडी घातली त्यातल्या, नाहीतर काठावर राहून गेलेल्या अंड्यांतल्या.

कुठल्या, हे अळीची लांबी सांगते. एक अळी काढून पांढऱ्या कागदावर ठेवा. तांदळाच्या कणीएवढी असेल तर ती एक-दोन दिवसांची, म्हणजे नवी. शिजलेल्या भाताच्या शितापेक्षा लांब आणि जाड असेल तर ती जुनी, खोल दडून राहिलेली. मृत्यू किती दिवसांपूर्वी झाला हे शोधताना न्यायवैद्यकवाले प्रेतावरच्या अळ्यांचं वय असंच लावतात, अर्थात तपमान वगैरे धरून. आपल्याला तेवढी काटेकोर गरज नाही, कणी की शीत एवढं कळलं तरी पुरे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोन्ही निघतात, कारण अळ्या पडलेल्या जखमेला जो गोडसर कुजका वास येतो तोच पुढच्या माद्यांना ओढून आणतो. शिवाय फिनेलने बेंबीची कातडी भाजते, लस गळते, जखम पुन्हा ओली. माशीला आणखी काय हवं?

उकिरड्याकडे वळू. तिथल्या अळ्या मुख्यतः घरमाशीच्या. ती ओल्या शेणात दर खेपेला शंभर-दीडशे अंडी घालते आणि उबदार हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास सात ते दहा दिवसांत उरकते. त्या अळ्या जनावरावर चढत नाहीत. खाऊन झालं की त्यांना कोषासाठी कोरडी जागा लागते, म्हणून त्या ओल्या ढिगातून निघून कडेला, भिंतीच्या बुडाशी सरकतात. तुम्हाला सकाळी दिसतात त्या या, आणि निघाल्या आहेत भिंतीकडे, कालवडीकडे नाही. उलट बाजूने, स्क्रूवर्मची अळी शेणात जगत नाही, मेलेल्या जनावरातही नाही. तिला जिवंत मांसच लागतं. तेव्हा उद्या उकिरडा पार उचलून नेलात तरी बेंबीतल्या अळ्या त्याने थांबणार नाहीत.

तरीही उकिरड्याचं काम करा, वेगळ्या कारणासाठी. घरमाश्या जखमेची लस चोखतात, एका जनावराची घाण दुसऱ्यावर नेतात, कालवडीला स्वस्थ बसू देत नाहीत. शेणाचा ढीग उंच रचला की मधला भाग पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, तिथे अळी टिकत नाही. ती असते कडेच्या थंड, ओल्या थरात. म्हणून दर पाच-सहा दिवसांनी कडेचं शेण आत आणि आतलं बाहेर असं खोऱ्याने वरखाली करा, वर जाड प्लास्टिक टाका. फेरा सात दिवसांचा आहे हे माहीत असलं की पाच-सहा दिवस का, ते आपोआप कळतं. भिंतीवर बसलेल्या माश्यांवर फवारा मारून मात्र फारसं हाती लागत नाही. त्यांच्यापेक्षा जास्त त्या घडीला शेणात आणि मातीत असतात.

एक तिसरी मंडळी आहेत. ल्युसिलिया आणि तिच्या बहिणी, याही हिरव्याच. या मेलेल्या, कुजलेल्या मांसावर वाढतात आणि घाण झालेल्या जखमेवर मागाहून येतात. गाय व्यायल्यावर पडलेली वार उघड्यावर टाकली, मेलेली कोंबडी बांधावर फेकली, की यांचं पीक येतं. वार पुरायला सांगतात ते कुत्र्यांसाठीच नाही.

सासूबाईंचं म्हणणं या तिसऱ्या मंडळींपुरतं अर्धं खरं आहे, हे त्यांना जरूर सांगा. पहिल्या महायुद्धात रणांगणावर दिवसचे दिवस पडून राहिलेल्या सैनिकांच्या अळ्या पडलेल्या जखमा आतून स्वच्छ निघाल्या, हे अमेरिकी सर्जन विल्यम बेअर यांनी पाहिलं आणि पुढे अळ्यांनी उपचार सुरू केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली अशा अळ्यांना मान्यताही दिली. पण त्या ल्युसिलिया सेरिकाटाच्या, प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या, मेलेलं मांस तेवढं खाणाऱ्या, आणि दोन-तीन दिवसांत मोजून काढून घेतात. तुमच्या कालवडीच्या बेंबीत जी आहे ती जिवंत मांस खाते. आणि बेंबीच्या मागे काय आहे? पोट.

'आपोआप जातील' म्हणून वाट पाहिलेली एक म्हैस मला अजून आठवते. शिंग मुळाशी तडकलं होतं, मालकाने हळद भरून फडकं बांधलं. नवव्या दिवशी मला बोलावलं ते म्हैस शिंकते म्हणून. मी पोचलो, तिने मान झटकली आणि नाकपुडीतून एक जाडजूड अळी गव्हाणीत पडली. मोठ्या जनावराचं शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी कपाळाच्या हाडातल्या पोकळीला जोडलेली असते. अळ्या शिंगातून कपाळात गेल्या होत्या. तीन दिवस मी त्या शिंगात पिचकारीने पाणी सोडत होतो आणि मालक खाली परात धरून मोजत होता. दोनशेच्या पुढे गेल्यावर त्याने मोजणं सोडलं. म्हैस वाचली, शिंग गेलं.

आता कालवडीचं काय करायचं ते. फिनेल, रॉकेल, पेट्रोल, बॅटरीचं पाणी, सगळं बंद. त्याने वरच्या अळ्या मरतात, खालच्या आणखी खोल जातात आणि मांस भाजतं. गाय चाटते तेव्हा ते तिच्या पोटात जातं, ते वेगळंच. सीताफळाच्या पाल्याचा रस आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरतात आणि त्याने अळ्या बाहेर येतात हे मी स्वतः पाहिलं आहे. पण बियांची पूड वापरू नका, डोळ्यात गेली तर डोळा जायची भीती असते, आणि कालवड पाय झाडतेच.

मी टर्पेंटाईन तेल वापरतो. गॉजची पट्टी त्यात भिजवायची, पिळायची, आणि बेंबीच्या तोंडाशी पाच-दहा मिनिटं धरायची. आत ओतायचं नाही. अळीचा श्वास वरच्या टोकाने चालतो हे आठवतंय ना? तिथे हवा मिळेनाशी झाली आणि झोंबायला लागलं की ती मागे सरकत वर येते. मग बोथट चिमट्याने एकेक ओढायची, सावकाश. तुटून अर्धी आत राहिली तर ती कुजते. मेलेल्या अळ्याही काढायच्या असतात, हे बहुतेक लोक विसरतात. काढलेल्या अळ्या जमिनीवर टाकायच्या नाहीत. डब्यात उकळतं पाणी किंवा तुमचं ते उरलेलं फिनेल घ्या आणि त्यात टाका. फिनेलचा या सगळ्यात तेवढाच उपयोग.

मग फिकट गुलाबी होईल एवढंच पोटॅशियम परमँगनेट घातलेल्या पाण्याने धुवा, कापसाने टिपून कोरडं करा, पोव्हिडोन आयोडीन लावा. काठावरचे केस कात्रीने कापा आणि रव्याचा लपका दिसला तर खरवडून काढा. जखमेभोवतीच्या कातडीला, आत नव्हे, कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल लावलं की माशी सहसा बसत नाही. हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. एक दिवस एकही अळी निघाली नाही म्हणून थांबू नका, कारण आज घातलेलं अंडं तुम्हाला उद्या दिसणार आहे. सलग तीन दिवस रिकामे गेले आणि जखम कोरडी पडून लालसर दाणे धरू लागली, की सुटलात.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन द्यायचं का, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं. कालवडीच्या वजनावर मात्रा ठरते आणि कातडीखाली द्यावं लागतं. नव्या, बारीक अळ्यांवर ते छान चालतं, मोठ्यांवर भरवसा नाही, त्यामुळे चिमटा सुटत नाहीच. दुभत्या गाईला मात्र मी ते देत नाही, दुधात उतरतं.

एका बाबतीत घाई करू नका. बेंबीपाशी मऊ फुगवटा असेल आणि कालवड आडवी केल्यावर तो हाताने आत जात असेल, तर तो हर्निया असू शकतो. त्यात आतडं असतं. तिथे चिमटा घालायचा नाही, पट्टीही दाबायची नाही. ही केस घरची नव्हे.

पुढच्या विताला ही वेळच येऊ नये म्हणून एवढंच: वासरू जन्मताच नाळ पोटापासून दोन-तीन बोटं सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधा, खाली नव्या ब्लेडने कापा, आणि उरलेलं टोक टिंक्चर आयोडीनच्या वाटीत बुडवा. नाळ सुकेपर्यंत रोज दोनदा. ओली नाळ हेच माशीला बोलावणं. माझ्याकडे अशा सगळ्यात जास्त केसेस पावसाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत येतात, त्यामुळे शिंग कळी जाळणं, खच्ची करणं ही कामं मी त्या दिवसांत टाळतो. लाळ्या खुरकुतीतल्या खुरांच्या बेचक्या आणि गोचीड चावून ओले झालेले कान, हेही याच काळात रोज बघावे लागतात. गोचिडीच्या चाव्यावर अंडी घातलेली मी कितीदा पाहिली आहेत.

जाता जाता एक गोष्ट, कारण मला ती फार आवडते. अमेरिकेतल्या स्क्रूवर्मची (जात वेगळी, धंदा तोच) मादी आयुष्यात साधारण एकदाच नराला घेते. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या शास्त्रज्ञांनी एवढ्याच गोष्टीवर डाव मांडला. कारखान्यात अळ्या वाढवायच्या, कोषांवर किरणांचा मारा करून माश्या वांझ करायच्या आणि विमानातून सोडायच्या. अशा नराशी जोडी झालेल्या मादीची अंडी फुटतच नाहीत. १९५४ साली कुरासाव बेटावर काही महिन्यांत माशी संपली, पुढे अमेरिकेतूनही हटवली. आपल्याकडे तशी मोहीम नाही. तोवर आपला चिमटा आणि आपली डबी.

ताई, आजपासून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बेंबी बघा आणि निघालेल्या अळ्यांचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टर आले की तो आकडा त्यांना दाखवा. बेंबीबरोबरच कालवडीचे पुढचे गुडघे रोज हाताने चाचपा. बेंबीतून आत गेलेला संसर्ग बऱ्याचदा सांध्यांत उतरतो. गुडघा गरम आणि फुगीर लागला, किंवा कालवड सडाला तोंड लावेनाशी झाली, तर अळ्यांचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.